संघ कुणाचा? कबड्डी मंडळाची कुळकथा

भाताची कापणी-झोडणी उरकली की ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर-मुरबाडच्या खाचरांना उसंत मिळते. गावालगतचं एखादं सपाट खाचर तरुण पोरं मागून घेतात. धसकटं उपटायची, खडे वेचायचे, ढेकळं फोडायची, पाणी मारून रोलर फिरवायचा आणि माती दबली की दोरी धरून आखणी करायची. पुरुषांचं मैदान 13 मीटर लांब, 10 मीटर रुंद. मध्यरेषेपासून 3.75 मीटरवर निदान रेषा आणि तिच्यामागे एक मीटरवर बोनस रेषा. दोन्ही बाजूंना एकेक मीटरची राखीव पट्टी. या कामाला माहीतगार माणूस लागतो. बोनस रेषा वीतभर मागे-पुढे झाली तर उद्याच्या सामन्यातले गुण बदलतील, हे त्याला ठाऊक असतं. म्हणून तो टेप दोनदा लावतो आणि मगच फक्की टाकू देतो.

वरळीच्या बंदिस्त स्टेडियमात मॅटवर आखलेलं मैदानही याच मापाचं असतं. तिथे खेळणाऱ्या संघाला मालक असतो, प्रशिक्षक असतो, फिजिओ असतो. खाचरातल्या संघाला असतं ते मंडळ. व्यावसायिक संघाची वंशावळ मागे मागे शोधत गेलं की आपण या मंडळापाशीच येऊन पोचतो. त्या मंडळाचीही एक वंशावळ आहे, आणि ती नीट सांगितली गेली पाहिजे.

खेळ फार जुना आहे. महाराष्ट्रात हुतूतू, दक्षिणेत चेडुगुडू, बंगालात हाडुडू. पण खेळ जुना असला तरी 'संघ' तितका जुना नाही. मुलं जमली, दोन बाजू पडल्या, दम घेतला, डाव झाला आणि सगळे घरी गेले, एवढ्यासाठी संघाची गरज पडत नाही. शिवाय खेळायच्या तऱ्हाही वेगवेगळ्या होत्या. 'संजीवनी'त बाद झालेला गडी पुन्हा आत यायचा, 'गामिनी'त एकदा बाद तो बादच, आणि 'अमर' प्रकारात कुणी बाहेर जायचंच नाही, नुसते गुण मोजायचे. दोन गावांना एकमेकांशी खेळायचं तर आधी कुठल्या तऱ्हेने खेळायचं यावरच वाद व्हायचा.

ती कोंडी नियमांनी फोडली. 1918 साली साताऱ्यात खेळाला एक ठरीव रूप देण्याचा प्रयत्न झाला. 1923 साली नियम छापले गेले आणि त्याच वर्षी बडोद्यात त्या नियमांनुसार अखिल भारतीय स्पर्धा झाली. बाद गडी जिवंत करण्याची संजीवनीची तऱ्हा पुढे टिकली आणि आजची कबड्डी तिच्यावरच उभी आहे. एका गावचा नियम तोच दुसऱ्या गावचा झाला, तेव्हा पाहुण्या संघाशी खेळणं शक्य झालं. मग सात जण ठरवावे लागले, त्यांचा सराव घ्यावा लागला, आमंत्रण आलं की कोण जाणार आणि गाडीभाडं कोण देणार हे बघावं लागलं. संघाचा जन्म असा गरजेतून झाला.

त्याला आकार मिळाला तो दोन जुन्या घरांतून. एक घर तालमीचं. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ 1914 साली सुरू झालं. व्यायामशाळेने अंगमेहनत, शिस्त आणि वस्तादाचा शब्द या गोष्टी दिल्या. याच मंडळाच्या पथकाने 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी जगासमोर कबड्डीचं प्रात्यक्षिक करून दाखवलं. दुसरं घर सार्वजनिक उत्सवाचं. 1893 नंतर गणेशोत्सव चौकात आला आणि त्याच्याबरोबर अध्यक्ष, चिटणीस, खजिनदार, वर्गणी, पावतीपुस्तक आणि उत्सव संपल्यावर वाचून दाखवायचा जमाखर्च हेही आलं. गावाने एकत्र येऊन पैसा उभा करायचा आणि त्याचा हिशेब गावालाच द्यायचा, ही रीत तिथे मुरली. क्रीडा मंडळाने ती जशीच्या तशी उचलली. आपल्याकडच्या मंडळांची नावं पाहिली तरी दोन्ही घरं ओळखू येतात. कुठे जय हनुमान, जय बजरंग, तर कुठे गावदेवी, नवतरुण.

हा साचा किती पक्का आहे ते कोल्हापुरात पाहावं. तिथे फुटबॉल खेळतात त्याही तालमी! पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार, बालगोपाल हे संघ कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनच्या स्पर्धांत शाहू स्टेडियमवर भिडतात आणि पेठाच्या पेठा बघायला लोटतात. चेंडू विलायती असला तरी त्यामागचं संघटन इथल्याच मातीतलं आहे.

पुढचा टप्पा कागदाचा. मंडळ कायद्याने उभं करायचं तर 1860 चा संस्था नोंदणी अधिनियम लागतो. त्यासाठी किमान सात माणसं हवीत. मैदानात एका बाजूला उतरणारे खेळाडूही सातच. मग 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली धर्मादाय कार्यालयात नोंद होते. घटना लिहावी लागते, कार्यकारिणी निवडावी लागते, दरवर्षी हिशेब तपासून घ्यावा लागतो. एवढं झालं की जिल्हा असोसिएशनशी संलग्नता. जिल्ह्याच्या वर राज्य असोसिएशन आणि तिच्या वर राष्ट्रीय महासंघ. राष्ट्रीय पातळीवरची पहिली संघटना 1950 साली स्थापन झाली, पुरुषांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा 1952 साली मद्रासला झाली आणि 1972 पासून ॲमॅच्युअर कबड्डी फेडरेशन ऑफ इंडियाचा काळ सुरू झाला. महाराष्ट्रात ही शिडी बांधण्यात शंकरराव तथा बुवा साळवी यांचा वाटा एवढा मोठा की 15 जुलै हा त्यांचा जन्मदिवस राज्यात कबड्डी दिन म्हणून पाळला जातो.

मुरबाडच्या एखाद्या पाड्यावरच्या पोराला देशाच्या संघापर्यंत नेणारी शिडी हीच. तिची पहिली पायरी गावच्या मंडळाच्या खेळाडू-यादीत आहे. किशोर गटात सोळा वर्षांच्या आतले आणि 55 किलोच्या आतले मुलगे, कुमार गटात वीस वर्षांच्या आतले आणि 70 किलोच्या आतले. वयाचा दाखला जमवून, वजनकाट्यावर उभं करून मुलाचं नाव त्या यादीत घालतं ते मंडळ. ते काम कुणी केलं नाही तर वरच्या पायऱ्यांना ते पोर दिसतच नाही.

मंडळ पैशांवर कसं चालतं हे खजिनदाराच्या वहीत कळतं. जमेच्या बाजूला वर्गणी, स्पर्धेची प्रवेश फी, टी-शर्टावर नाव छापून घेणाऱ्या दुकानदाराची किंवा वीटभट्टीवाल्याची देणगी, जिंकलेलं रोख बक्षीस. खर्चाच्या बाजूला फक्की, हॅलोजन आणि जनरेटर, पंचांचं मानधन, टेम्पोचं भाडं, गुडघ्याच्या पट्ट्या, पाहुण्या संघांचं जेवण, आणि कुणाचा खांदा निखळला तर दवाखाना. मैदानाच्या मालकाचं भाडं या वहीत बहुधा नसतंच. खाचर गावातल्याच कुणाचं तरी असतं आणि ते मायेने दिलेलं असतं. सामने रात्री होतात, कारण खेळणारा दिवसा मुरबाडच्या एमआयडीसीत, वासिंदच्या कारखान्यात किंवा भिवंडीच्या गोदामात कामाला असतो. कसाऱ्याची लोकल पकडून आटगाव किंवा आसनगावला उतरायचं, घरी दोन घास खायचे आणि सरावाला हजर व्हायचं. मुरबाडकराच्या नशिबी लोकलही नाही. त्याला कल्याणहून एसटी गाठावी लागते.

हा खेळ पोट कधीपासून भरू लागला? प्रो कबड्डीच्या कितीतरी आधीपासून. आपल्या कबड्डीत 'व्यावसायिक गट' हा शब्द जुना आहे आणि त्याचा अर्थ आहे कंपन्यांचे, सरकारी खात्यांचे, बँकांचे संघ. मध्य रेल्वे, बेस्ट, मुंबई पोलीस, मुंबई बंदर, भारत पेट्रोलियम, महिंद्र, एअर इंडिया, देना बँक. लालबाग-परळच्या गिरणगावात कबड्डी रुजली ती कोकण-घाटावरून आलेल्या कामगारांमुळे, आणि कारखान्यांनी चांगला खेळाडू हेरून त्याला नोकरीवर घ्यायला सुरुवात केली. सकाळी हजेरी, दुपारनंतर सराव, महिन्याला पगार आणि निवृत्तीनंतर पेन्शन. आजच्या खेळाडूंच्या लिलावातल्या आकड्यांपुढे तो पगार थोडका वाटेल, पण त्याने घरं उभी केली, भावंडांची शिक्षणं केली. शहापूर-मुरबाडच्या घरांत कबड्डीला जो मान मिळाला, त्यात या नोकऱ्यांचा वाटा मोठा आहे. पुढे 18 जानेवारी 1982 रोजी सुरू झालेल्या गिरणी संपानंतर गिरणगाव ओसरत गेलं. कंपन्यांची कायम भरतीही आटली. खेळावर नोकरी मिळण्याची वाट अरुंद झाली.

मग 2014 साल उजाडलं. आनंद महिंद्र आणि चारू शर्मा यांच्या मशाल स्पोर्ट्सने प्रो कबड्डी लीग उभी केली. पहिल्या हंगामात आठ संघ होते. 26 जुलै 2014 रोजी वरळीत यू मुंबा आणि जयपूर पिंक पँथर्स यांच्या सामन्याने लीगचा पडदा उघडला. पहिल्या लिलावात सर्वांत मोठी बोली राकेश कुमारवर लागली, 12 लाख 80 हजारांची. 2023 च्या लिलावात पवन सेहरावतसाठी तेलुगू टायटन्सने 2 कोटी 60 लाखांहून अधिक मोजले. नऊ वर्षांत वीसपट! रॉनी स्क्रूवाला यांच्या कंपनीच्या यू मुंबाने 2015 साली, तर पुणेरी पलटणने 2024 साली विजेतेपद मिळवलं.

लीगने खेळाला बरंच दिलं, हे मनापासून मान्य केलं पाहिजे. तीस सेकंदांची चढाई, दोन चढाया कोऱ्या गेल्यावर करा किंवा मरा अशी तिसरी चढाई, तीन किंवा त्याहून कमी गडी उरले असताना चढाईपटूला धरलं तर मिळणारा जादा गुण, या सगळ्याने सामन्याला वेग आला. ते टीव्हीवर पाहून आपल्या खाचरांतही तसेच सामने रंगू लागले. डाव्या कोपऱ्यातला पकडपटू पूर्वी गर्दीत हरवायचा, आता लहान पोरंही त्याच्या घोटा-पकडीवर बोलतात. कल्याणचा गिरीश इरनाक असाच कोपऱ्यातला खेळाडू. जिल्ह्यातल्या मैदानांवरून तो लीगमध्ये गेला आणि 2018 च्या आशियाई स्पर्धेत देशाकडून खेळला. तो इथला आहे हे कळल्यावर मातीत लोळणाऱ्या मुलाची छाती किती फुगते, हे मैदानाच्या कडेला उभं राहिल्याशिवाय समजायचं नाही.

आता हिशेबाची गोष्ट. लिलावात पुकारलेली रक्कम हे खेळाडूचं मानधन असतं. ते त्याला मिळालंच पाहिजे. हाडं त्याची झिजतात. संघाचा मालक प्रायोजक, प्रसारण आणि तिकिटं यांतून आपला पैसा वसूल करतो. पण दहाव्या-बाराव्या वर्षी त्या मुलाला हाताला धरून मैदानात आणणारं मंडळ या व्यवहारात कुठे बसतं? लिलावाच्या वेळी त्याचं नावही पुकारलं जात नाही.

फुटबॉलने या प्रश्नाचं उत्तर शोधलं आहे. फिफाच्या 2001 पासूनच्या नियमांप्रमाणे करार चालू असलेला खेळाडू एका देशातून दुसऱ्या देशातल्या क्लबात गेला, तर बदलीच्या रकमेतले 5 टक्के त्याला 12 ते 23 या वयात घडवणाऱ्या क्लबांत वाटले जातात. पहिली चार वर्षं हंगामाला पाव टक्का, पुढची आठ वर्षं अर्धा टक्का. एक कोटीची बदली झाली आणि एखाद्या लहान क्लबाने त्याला पहिले चार हंगाम सांभाळलं असेल, तर त्या क्लबाला एक लाख रुपये जातात. हे जमतं, कारण प्रत्येक खेळाडूची लहानपणापासूनची क्लबवार नोंद ठेवलेली असते. संघाची मालकी बदलण्याचा प्रवासही जगात इतरांनी केला आहे. मलेशियात 1921 साली 'एचएमएस मलाया' या युद्धनौकेकडून मिळालेल्या चषकासाठी राज्यांचे संघ खेळू लागले. ते संघ राज्य असोसिएशनांचेच असत. साधारण शंभर वर्षांनी, 2021 च्या हंगामाच्या आसपास, तिथल्या महासंघाने त्यांना स्वतंत्र क्लबांचं रूप घ्यायला लावलं. खेळ व्यावसायिक होताना संघटनेची घडी नव्याने घालावी लागते, आणि ती विचार करून घालता येते.

आपली घडी अर्धीच घातली गेली आहे. वरचा मजला चकचकीत झाला, पायाची नोंद कुठेच नाही. माझी मागणी साधी आहे. राज्य असोसिएशनने किशोर गटापासून प्रत्येक खेळाडूची मंडळवार नोंद जपावी. लिलावात खेळाडूच्या नावासोबत त्याच्या पहिल्या मंडळाचं आणि गावाचं नाव पुकारलं जावं. आणि खेळाडूच्या मानधनाला हात न लावता, लीगच्या आणि मालकांच्या उत्पन्नातून बोलीच्या ठरावीक टक्क्यांइतकी रक्कम त्या मंडळाच्या बँक खात्यात जमा व्हावी. मुलींच्या संघांना त्यात आधी मोजावं. 2016 साली पुरुषांच्या हंगामासोबत महिलांच्या तीन संघांची स्पर्धा झाली, तेवढ्यावर त्यांची तहान भागलेली नाही.

मंडळाकडे घटना आहे, नोंदणी क्रमांक आहे, तपासलेला हिशेब आहे. पैसा आला तर तो कुठे जाईल हेही ठरलेलं आहे: मॅटचा एक संच, दोन प्रशिक्षण शिबिरं, जखमी मुलाचा विमा. शहापूर-मुरबाडने या खेळाला आपली जमीन आणि आपल्या रात्री दिल्या. व्यावसायिक कबड्डीने त्याची परतफेड नियमात लिहून करावी. तो मंडळाचा हक्क आहे.