गुठळी आणि साथ : रूडोल्फ फिरखो यांच्या संशोधनातील एक प्रश्न

रूडोल्फ फिरखो (१८२१–१९०२) या जर्मन विकृतिशास्त्रज्ञाचे नाव भाषेच्या अभ्यासकाच्या वाटेवर सहसा येत नाही. प्रस्तुत लेखकाची त्यांच्याशी ओळख झाली ती परिभाषेच्या निमित्ताने. रक्तवाहिनीत रक्त साकळण्याच्या क्रियेला आज जगभर 'थ्राँबोसिस' म्हणतात, आणि त्या साकळलेल्या रक्ताचा तुकडा प्रवाहाबरोबर वाहत जाऊन दूरच्या वाहिनीत अडकला म्हणजे त्यास 'एंबोलिझम' म्हणतात. पहिला शब्द ग्रीक वैद्यकात जुनाच होता. त्याला आजचा नेमका अर्थ फिरखो यांनी दिला. दुसरा तर त्यांनी 'एंबोलिया' या रूपाने नव्यानेच घडविला. हे दोन शब्द वेगळे का करावे लागले, असा प्रश्न विचारला असता त्याचे उत्तर व्याकरणात सापडत नाही. ते बर्लिनच्या शारिटे रुग्णालयातील शवविच्छेदनाच्या मेजावर शोधावे लागते.

पॉमरेनियातील शिव्हेलबाइन या लहान गावी जन्मलेले फिरखो लष्करी वैद्यकाच्या संस्थेत शिकून १८४३ मध्ये पदवीधर झाले आणि पुढील वर्षी शारिटेमध्ये शवविच्छेदक रोबर्ट फ्रोरीप यांच्या हाताखाली काम करू लागले. फ्रोरीप यांनी त्यांच्यापुढे विषय ठेवला तो नीलाशोथाचा, म्हणजे अशुद्ध रक्त वाहून नेणाऱ्या वाहिन्यांच्या दाहाचा. त्या काळी या विषयावर पॅरिसच्या क्रुव्हेय्ये यांचा अधिकार निर्विवाद मानला जाई. सर्व रोगांच्या मुळाशी नीलाशोथच असतो, इतक्या टोकाला त्यांचे मत गेले होते. वाहिनीत गुठळी दिसली की भिंतीला दाह झाला, दाहामुळे रक्त साकळले, असे अनुमान ठरलेलेच असे. फुफ्फुसाच्या धमनीत गुठळी आढळली तर ती तेथल्या तेथेच झाली, यात कोणाला शंका नव्हती. व्हिएन्नाचे रोकिटान्स्की यांनी तर रोगांचे मूळ रक्तरसाच्या मिश्रणातील बिघाडात पाहणारी एक भव्य उपपत्ती उभारली होती. तिच्यावर फिरखो यांनी १८४६ मध्ये इतकी कठोर टीका केली, की रोकिटान्स्की यांनी आपल्या ग्रंथाच्या पुढील आवृत्तीत ती उपपत्ती सोडून दिली. वयाने सतरा वर्षांनी लहान असलेल्या टीकाकाराचे म्हणणे मान्य करणाऱ्या त्या व्हिएन्नाच्या पंडिताचाही येथे गौरव केला पाहिजे.

फिरखो यांनी प्रश्न असा केला : गुठळी जेथे सापडली तेथेच ती झाली, की दुसरीकडून तेथे आली? शवविच्छेदनात त्यांना दिसले, की फुफ्फुसधमनीत गुठळी असलेल्या रुग्णांच्या पायांतील वा कटिभागातील नीलांतही गुठळ्या असतात, आणि एका गुठळीचे मोडलेले टोक दुसरीशी जुळते. फुफ्फुसधमनीच्या भिंतीवर मात्र दाहाची खूण पुष्कळदा नसते. एवढ्यावर ते थांबले नाहीत. कुत्र्यांच्या मानेतील नीलेतून त्यांनी रबराचे तुकडे, गुठळीचे तुकडे आणि इतर पदार्थ आत सोडले आणि नंतर ते फुफ्फुसाच्या धमन्यांत शोधून काढले. रबर कुत्र्याच्या शरीरात तयार होत नाही. तेव्हा ते आले कोठून याबद्दल वादच उरत नव्हता. शिवाय अडकलेल्या तुकड्याभोवती दाह मागाहून होतो, हेही दिसून आले. ज्यास कारण समजत होते ते कार्य ठरले. फुफ्फुसधमनीच्या अवरोधावरील त्यांचा लेख १८४६ मध्ये प्रसिद्ध झाला तेव्हा ते पंचविशीत होते. या विषयावरील सर्व अभ्यास पुढे १८५६ च्या त्यांच्या संकलित निबंधांत एकत्र आले.

आता शब्दांचे प्रयोजन स्पष्ट होईल. ग्रीक 'थ्राँबॉस' म्हणजे गोळा, गुठळी, दुधाचे साकळलेले दही. 'एंबोलॉस' म्हणजे आत ठोकलेली खुंटी किंवा बूच. पहिला शब्द एका जागी घडणारी क्रिया सांगतो, दुसऱ्यात बाहेरून आत शिरण्याचा भाव आहे. (याच 'आत घालणे' या धातूपासून युरोपीय पंचांगशास्त्रात अधिक मासाचे नाव आले आहे, आपल्याकडील वाचकास त्याचे नवल वाटू नये.) मराठी परिभाषेतील 'अंतर्क्लथन' आणि 'अंतर्कीलन' ही जोडी हाच भेद जपते, कारण 'कील' म्हणजे खुंटीच. बोलभाषेत मात्र आपण दोहोंसही 'गुठळी' म्हणून मोकळे होतो, आणि ज्या भेदासाठी फिरखो झगडले तो भेद हरवतो. शास्त्रज्ञ दोन शब्द देतो तेव्हा बहुधा त्याने दोन वस्तू वेगळ्या पाहिलेल्या असतात. त्यांच्या नावावर सांगितले जाणारे, गुठळीच्या तीन कारणांचे सुप्रसिद्ध 'त्रिक' मात्र त्यांनी त्या रूपात कधी मांडले नव्हते. ते नाव विसाव्या शतकातील लेखकांनी त्यास दिले. पाठ्यपुस्तके पूर्वजांना नेहमीच अधिक नीटनेटके करून ठेवतात.

गुठळीचा प्रश्न संसर्गापर्यंत पोचत होता तो पुवाच्या वाटेने. गुठळीच्या मध्यभागी मऊ, पिवळसर द्रव आढळे. तो पू समजून रक्तात पू मिसळल्याचे निदान केले जाई. फिरखो यांनी सूक्ष्मदर्शकाखाली दाखविले, की हा द्रव पुष्कळदा पू नसून विरघळत चाललेली गुठळीच असते, आणि रक्तातील पांढऱ्या पेशी पुवातील पेशींपासून ओळखून वेगळ्या काढता येत नाहीत. १८४५ मध्ये त्यांनी वर्णिलेला आणि पुढे 'ल्युकेमिया' म्हणून नामांकित केलेला विकार याच विवेचनातून पुवाच्या कल्पनेपासून सुटा झाला. तथापि काही गुठळ्यांचे तुकडे जेथे जातात तेथे गळू उत्पन्न करतात, काही करीत नाहीत, हेही त्यांनी नोंदविले. म्हणजे तुकड्याबरोबर आणखी काही तरी प्रवास करीत होते. ते काय, हे सांगण्याचे साधन त्या काळी कोणापाशीच नव्हते.

अशा वेळी, १८४८ च्या फेब्रुवारीत, प्रशियाच्या सरकारने त्यांना वरच्या सायलीशियात पाठविले. सोबत बारेझ नावाचे ज्येष्ठ वैद्य होते. रिब्निक आणि प्लेस या जिल्ह्यांत दुष्काळापाठोपाठ 'टायफस'ची, म्हणजे प्रलापक सन्निपात ज्वराची, साथ पसरली होती. सुमारे तीन आठवडे फिरून फिरखो परतले आणि आठवडाभरातच बर्लिनमध्ये क्रांती उसळली. हा विकृतिशास्त्रज्ञ अडथळे उभारणाऱ्या बंडखोरांत सामील झाला. साथीचा अहवाल त्याच वर्षी त्यांच्या नियतकालिकातून प्रसिद्ध झाला. त्यात रोगलक्षणे आहेत, शवविच्छेदने आहेत, हवामान आहे. पण त्याचबरोबर एकाच खोलीत माणसे आणि जनावरे यांचा निवास, बटाट्यावर अवलंबून असलेले अन्न, जमीनदार आणि नोकरशाही यांची अनास्था यांचाही हिशेब आहे. उपाय म्हणून औषधांची यादी न देता त्यांनी लोकशाही, शिक्षण, रस्ते, गरिबांवरील करांचा भार श्रीमंतांकडे वळविणे हे सुचविले.

आणि त्यांनी भाषाही सुचविली. १७४२ पासून हा प्रदेश प्रशियाच्या ताब्यात होता; लोक पोलिशची एक बोली बोलत, शासन जर्मनमध्ये चाले. जर्मन मंडळी त्या बोलीला हेटाळणीने 'पाणचट पोलिश' म्हणत. लोकांशी त्यांच्या भाषेत न बोलणारे शासन आरोग्याचे ज्ञान त्यांच्यापर्यंत पोचविणार कसे, असा फिरखो यांचा युक्तिवाद आहे, आणि म्हणून पोलिश ही कारभाराची भाषा करावी असे ते सांगतात. साथीच्या वैद्यकीय अहवालात भाषेच्या प्रश्नाला रोगकारणांत स्थान मिळालेले पाहून आमच्यासारख्यास आनंद वाटतो. परंतु त्याच अहवालात त्या लोकांच्या अस्वच्छतेचे, आळसाचे आणि लाचारीचे वर्णन ज्या सुरात आले आहे, त्यात सुशिक्षित जर्मनाचा अहंकार लपत नाही, हेही सांगितले पाहिजे. भाषेचा हक्क मान्य करणारा माणूस ती बोलणाऱ्याला बरोबरीचा मानतोच असे नाही.

या राजकारणाची किंमत त्यांना १८४९ मध्ये मोजावी लागली. शारिटेतील स्थान डळमळीत झाल्यावर ते व्यूर्ट्सबुर्कला प्राध्यापक म्हणून गेले आणि १८५६ मध्ये बर्लिनला परतले. पेशीविकृतिविज्ञानाचा त्यांचा ग्रंथ १८५८ चा. तो सर्वज्ञात असल्याने येथे त्याचा विस्तार करीत नाही.

आम्हास विचार करावासा वाटतो तो एका विसंगतीचा. गुठळीच्या बाबतीत 'येथे झाली' हे मत खोडून 'दुसरीकडून आली' हे ज्याने सिद्ध केले, त्यानेच साथीच्या बाबतीत बाहेरून येणाऱ्या संसर्गापेक्षा स्थानिक परिस्थितीत रोग उपजतो यावर भर दिला. रोबर्ट कॉख यांनी १८८२ च्या मार्चमध्ये बर्लिनमध्ये क्षयजंतूची घोषणा केली तेव्हा फिरखो साशंक राहिले. क्षयाचे दोन निरनिराळे विकार आहेत, असे ते दीर्घकाळ मानीत आले होते, आणि कॉख यांच्या जंतूने दोहोंना एक केले. याला निव्वळ म्हातारपणाचा हट्ट म्हणणे सोपे आहे, पण न्याय्य नाही. सूत्रकृमीमुळे डुकराच्या मांसातून होणाऱ्या ट्रिकिनोसिसचा अभ्यास त्यांनीच केला होता आणि मांसतपासणीसाठी चळवळही केली होती. बाहेरून येणारा जीव रोग घडवितो हे त्यांना अमान्य नव्हते. जंतू म्हणजेच रोग, हे समीकरण त्यांना अमान्य होते. १८८५ च्या लेखाला त्यांनी पेशी आणि जंतू यांच्या संग्रामाचे शीर्षक दिले, आणि त्यात पेशींना प्रथम स्थान दिले. तो क्रम अहेतुक नसावा. अडकलेल्या गुठळीभोवती वाहिनीची भिंत काय करते, हे पाहिलेल्या माणसाची ती दृष्टी होती.

तरीही क्षयाच्या बाबतीत ते चुकले, आणि त्यांच्या अधिकारामुळे ती चूक पुष्कळांची झाली. रबराच्या तुकड्यासारखा निर्णायक प्रयोग १८८२ मध्ये कॉख यांनी केला होता : जंतू शरीराबाहेर वाढवून त्यांनी प्राण्यांत क्षय उत्पन्न केला होता. तरुण फिरखो यांनी असा पुरावा कोणाकडूनही मागितला असता, आणि मिळाल्यावर मानला असता.

सायलीशियातील साथीचा उलगडा त्यांच्या हयातीत झाला नाही. ट्यूनिसमध्ये शार्ल निकोल यांनी १९०९ मध्ये दाखविले, की टायफस अंगावरील उवांमार्फत पसरतो. त्यास कारणीभूत जंतूला १९१६ मध्ये दा रोशा लिमा यांनी 'रिकेट्सिया प्रोवाझेकी' हे नाव दिले, ते या रोगाच्या संशोधनात त्याच्याच संसर्गाने दगावलेल्या रिकेट्स आणि प्रोवाझेक या दोघांच्या स्मरणार्थ. ऊ बाहेरूनच येते, परंतु जेथे बदलण्यास दुसरे वस्त्र नाही आणि एका अंथरुणात अनेक जण निजतात तेथेच ती टिकते. रिब्निकच्या झोपड्यांतील वस्त्रे आणि अंथरुणे फिरखो यांनी पाहिली होती.