पाठीवरचे ओझे आणि हातातली पेटी

शाळेची सहल गडावर पोचली, की बुरुजाजवळ मुलांचा घोळका उभा राहतो आणि पाहता पाहता दहा-वीस छायाचित्रे निघतात. त्यासाठी आता वेगळा कॅमेराही लागत नाही, गुरुजींच्या खिशातला फोन पुरतो. घराबाहेर पडून डोंगर, झाडे, माणसे यांची छायाचित्रे काढण्याचा छंद इतका सोपा झाला आहे, की त्यात शिकण्यासारखे काही आहे याचाच आपल्याला विसर पडतो. तो सोपा कसा झाला? या प्रश्नाचा माग काढताना आपल्याला दोन बँक कारकून भेटतात. एक इंग्लंडमधला, दुसरा अमेरिकेतला. दोघांनीही हा छंद हौसेखातर धरला होता.

त्यांच्या काळातली पद्धत आधी पाहू. १८५१ मध्ये फ्रेडरिक स्कॉट आर्चर याने ‘ओल्या काचे’ची पद्धत जाहीर केली. कापसावर आम्लांची क्रिया करून तो ईथर आणि अल्कोहोलमध्ये विरघळवला, की पाकासारखा चिकट द्रव होतो. त्याला कलोडियन म्हणतात. त्यात आयोडाइड मिसळून त्याचा काचेवर सारखा लेप द्यायचा आणि काच अंधारात सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात बुडवायची. लेपात प्रकाशाला संवेदनशील असा चांदीचा क्षार तयार होतो. मग ती काच ओली असतानाच कॅमेऱ्यात घालून चित्र घ्यायचे आणि लगेच अंधारात नेऊन धुवायचे. ओलीच का? कारण लेप वाळला, की त्याची छिद्रे बंद होतात आणि पुढची रसायने आत शिरू शकत नाहीत. हे सगळे दहा-पंधरा मिनिटांत उरकावे लागे.

हे तंत्र आपल्याकडे लवकर पोचले. १८५४ मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी तिच्या सुरुवातीच्या सभासदांपैकी एक. पुढच्याच वर्षी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्गही निघाला. पण घरात किंवा स्टुडिओत काम करणे वेगळे आणि रानात जाऊन करणे वेगळे. बाहेर जायचे तर काळोखी खोलीच बरोबर न्यावी लागे!

आपला पहिला कारकून सॅम्युएल बोर्न याने नेमके हेच केले. नॉटिंगहॅमच्या बँकेतली नोकरी सोडून १८६३ मध्ये तो भारतात आला आणि व्यावसायिक छायाचित्रकार झाला. १८६३ ते १८६६ या काळात त्याने हिमालयात तीन मोठ्या सफरी केल्या. काचा, रसायनांच्या बाटल्या, काळा तंबू आणि शिधा असे सगळे सामान वाहायला काश्मीरच्या सफरीत चाळीसहून अधिक हमाल होते. १८६६ मध्ये सुमारे १८,६०० फूट उंचीच्या मणिरंग खिंडीत त्याने छायाचित्रे घेतली. चित्रांखाली नाव बोर्नचे आहे, पण त्या काचा पाठीवरून वर नेल्या त्या पहाडी हमालांनी.

हमाल परवडत नाहीत अशा नवशिक्याने काय करायचे? १८७७ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर गावी जॉर्ज ईस्टमन या २३ वर्षांच्या बँक कारकुनापुढे हाच प्रश्न आला. परदेशाच्या प्रवासात छायाचित्रे घ्यावीत म्हणून त्याने सारी सामग्री विकत आणली आणि पाच डॉलर देऊन शिकवणीही घेतली. प्रवास रद्द झाला, छंद मात्र राहिला. पुढे मॅकिनॅक बेटावर जाताना त्याने सिल्व्हर नायट्रेटचे भांडे कपड्यांच्या पेटीतच भरले. ते गळले आणि कपडे डागाळले. त्याच बेटावर एका नैसर्गिक कमानीचे चित्र घेत असताना काही प्रवासी उन्हात तिष्ठत उभे राहिले. हा धंदेवाईक छायाचित्रकार आहे, आपल्याला छायाचित्रे विकत देईल, अशी त्यांची समजूत! तो नुसता हौशी आहे हे कळल्यावर त्यांतला एक जण चिडून म्हणाला, की मग तशी पाटी तरी गळ्यात अडकवायची होती.

सुटकेची वाट एका डॉक्टरने दाखवली होती. ईथरच्या वाफा प्रकृतीला मानवेनात, म्हणून रिचर्ड मॅडॉक्स याने कलोडियनऐवजी जिलेटिन वापरून पाहिले आणि १८७१ मध्ये ते प्रयोग छापले. जिलेटिन म्हणजे शुद्ध केलेला सरसच म्हणा ना! ते वाळले तरी पाण्यात पुन्हा फुगते आणि रसायने आत घेते. त्यामुळे काच आधीच तयार करून कोरडी ठेवता येऊ लागली. हे मिश्रण काही दिवस कोमट ठेवले तर त्याची संवेदनशीलता खूप वाढते, हे १८७८ मध्ये चार्ल्स बेनेटने दाखवले. याविषयी इंग्लंडच्या नियतकालिकात वाचून ईस्टमनने दिवसा बँक आणि रात्री आईच्या स्वयंपाकघरात प्रयोग, असा क्रम धरला. १८८० मध्ये तो कोरड्या काचा विकू लागला.

आणि १८८२ मध्ये आपत्ती आली. काचांवर चित्र उमटेना. रसायने तीच, कृती तीच, तरीही! ईस्टमनने खराब काचा बदलून दिल्या आणि पुष्कळ प्रयोगांनंतर दोष जिलेटिनमध्ये आहे हे शोधले. एक जिलेटिन चांगले आणि दुसरे वाईट का, याचा उलगडा त्याच्याच कंपनीतल्या सॅम्युएल शेपर्डने १९२५ मध्ये केला. जिलेटिन गुरांच्या कातड्या-हाडांपासून बनते. मोहरीच्या जातीच्या वनस्पतींत असणारी गंधकाची संयुगे त्यात अत्यल्प प्रमाणात असली, तर चांदीच्या क्षारांच्या कणांवर सिल्व्हर सल्फाइडचे सूक्ष्म ठिपके तयार होतात आणि कण प्रकाशाला अधिक चटकन प्रतिसाद देतात. गुरांनी काय खाल्ले, याचा छायाचित्राशी असा संबंध होता.

१८८८ मध्ये ईस्टमनने कोडॅक ही पेटी बाजारात आणली. तिची किंमत २५ डॉलर. आत १०० चित्रांची गुंडाळी. चित्रे संपली, की पेटीच रॉचेस्टरला पाठवायची. १० डॉलरमध्ये चित्रे तयार होऊन नव्या गुंडाळीसह पेटी परत येई. १९०० मध्ये खास मुलांसाठी ब्राउनी आला, अवघ्या एका डॉलरला. काळा तंबू, बाटल्या, डागाळलेली बोटे सारे गेले. कळ दाबली, की नवशिक्याचे काम संपले.

पाठीवरचे ओझे उतरले ही मोठीच गोष्ट झाली. घरोघरचे लोक आपल्या माणसांची चित्रे काढू लागले ते यामुळेच. पण आमच्या मते ओझ्याबरोबर आणखी काहीतरी पेटीत बंद झाले. ओल्या काचेच्या काळात रसायनशास्त्राची तोंडओळख असल्याशिवाय हा छंद धरताच येत नसे. पेटीने ती अट काढून टाकली. १९७५ मध्ये त्याच कंपनीतल्या स्टीव्हन सॅसन या इंजिनिअरने फिल्मशिवाय चालणारा डिजिटल कॅमेरा तयार केला आणि कालांतराने चांदीचे क्षारही गेले. आज फोनच प्रकाश मोजतो, नजर जुळवतो, रंग ठरवतो. आपण दाखवायचे फक्त बोट.

म्हणून ओझे परत आणायचे नाही, पण जिज्ञासा परत आणता येईल. बुटाचे खोके घ्या. एका बाजूला पातळ पत्र्याला टाचणीने भोक पाडा, समोरच्या बाजूला ट्रेसिंग पेपर चिकटवा. डोक्यावर काळे कापड घेऊन मैदानाकडे पाहिले, की कागदावर उलटे झाड हलताना दिसेल. ते उलटे का, हे मुलांनाच विचारा. नंतर फोन घेऊन बाहेर पडा, पण एक नियम करा. प्रत्येक गटाने एका फेरीत एकच छायाचित्र काढायचे. सूर्य कुठे आहे, सावली कोणीकडे पडली आहे आणि चित्र कसे येईल, हे आधी वहीत लिहायचे. त्याच झाडाचे चित्र सकाळी आठला, दुपारी बाराला आणि संध्याकाळी पाचला काढून लिहिलेल्याशी ताडून पाहायचे.

अंदाज चुकतील. चुकू द्यावेत. कपडे डागाळले नसते, तर त्या कारकुनाने तरी स्वयंपाकघरात रात्री कशाला जागवल्या असत्या?