उचलता येईल तेवढाच बेस

हा आपल्या मागच्या एपिसोडचा लिखित अवतार. रेकॉर्डिंग पोलादपूरला घरच्या गच्चीवर केलं होतं, त्यामुळे मध्येच हायवेवरचे ट्रक ऐकू येत होते. तेवढे सोडून बाकी सगळं इथे आहे, थोडं नीट करून.

सुरुवात 22 जुलै 2021 पासून करतो. तेव्हा वर्क फ्रॉम होम चालू होतं आणि मी महाडला मामाकडे होतो, तळमजल्याच्या घरात. सावित्री आणि गांधारीचं पाणी महाडकरांना नवीन नाही. दर पावसाळ्यात सामान वर चढवायची सवय असते. पण त्या वेळी पाणी ज्या वेगाने आलं, त्यात काय वर न्यायचं हे ठरवायला मिनिटं होती, तास नव्हते. पहिली आजी. मग कागदपत्रं, लॅपटॉप, सिलिंडर, तांदूळ. बेस गिटार मी एका हाताने पोटमाळ्यावर फेकली म्हणा ना. ॲम्प आणि स्पीकरचं कॅबिनेट मात्र खालीच राहिलं. पुण्यातून सेकंडहँड घेतलं होतं, दोन्ही मिळून पन्नास किलोच्या आसपास. मामा म्हणाला, "ते ऱ्हाऊ दे रे, माणसं आधी." बरोबरच होतं त्याचं.

त्याच दिवशी आपल्याच तालुक्यात तळियेत दरड कोसळली आणि ऐंशीहून जास्त माणसं गेली. त्यापुढे माझ्या स्पीकरचं रडगाणं कोण गाणार? मी तेव्हाही गायलं नाही, आताही गात नाही. फक्त चिखल काढताना एक प्रश्न डोक्यात बसला, तो बसलाच. जे वाद्य मला एकट्याला उचलता येत नाही, ते माझं आहे का? आणि बेस वाजवणाऱ्यांनी हा प्रश्न आधी कसा सोडवला?

उत्तर शोधायला लागलो तेव्हा कळलं की बेसचा अर्धा इतिहास वजनाचाच आहे.

आधी थोडं फिजिक्स, घाबरू नका. बेस गिटारची सगळ्यात जाड तार, ई, सेकंदाला साधारण 41 वेळा थरथरते. त्या आवाजाची एक लाट हवेत आठ मीटरहून लांब असते. म्हणजे एसटी बसपेक्षा फार कमी नाही! एवढी हवा ढकलायची तर मोठा कोन लागतो, मोठी पेटी लागते आणि भरपूर पॉवर लागते. त्यात आपले कान खालच्या सुरांना जरा बहिरे. ऐकणाऱ्याला आवाज दुप्पट वाटावा म्हणून साधारण दहापट पॉवर लागते. म्हणून गिटारवाला छोटी पेटी घेऊन टुणकन येतो आणि बेसवाला टेम्पो शोधत बसतो.

इलेक्ट्रिक बेसच्या आधी होता डबल बेस. माणसापेक्षा उंच, लाकडी, पोकळ. अमेरिकेत सिएटलला पॉल टुटमार्क नावाचा एक बँडवाला होता. त्याच्या मुलाने पुढे सांगितलेली गोष्ट अशी की बाकीचा बँड एकत्र गप्पा मारत प्रवास करायचा आणि डबल बेसवाला बिचारा एकटा, कारण त्याच्या वाद्यानेच गाडी भरायची. टुटमार्कला दया आली आणि 1930च्या दशकात त्याने आडवी धरता येणारी, पडद्यांची, विजेवर चालणारी बेस बनवली. ती फारशी खपली नाही. पण मला ही गोष्ट फार आवडते. कारण त्यात वजनाचा प्रश्न हा एकटेपणाचा प्रश्न आहे. वाद्य जड असलं की तुम्ही बँडपासून वेगळे पडता.

1951मध्ये लिओ फेंडरने प्रिसिजन बेस आणली आणि ती जगभर पसरली. आता योगायोग बघा, त्याच 1951मध्ये आपल्याकडे 'अलबेला' आला. संगीत सी. रामचंद्र, म्हणजे आपले पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर, आणि त्यांच्यासोबत गोव्याचा ट्रंपेटवाला चिक चॉकलेट. तो स्वतः पडद्यावरही दिसतो. पश्चिमेत डबल बेस निवृत्त व्हायला लागला होता, तेव्हा मुंबईच्या स्टुडिओत तो अजून जोरात होता. पुढे आर. डी. बर्मनच्या काळात टोनी वाझसारख्यांनी बेस गिटारला हिंदी गाण्यात स्वतःचा आवाज दिला. आपण ती गाणी पाठ म्हणतो आणि खाली बेस कोण वाजवतंय ते विचारत नाही. असो, बेसवाल्यांना सवय असते.

पण गंमत अशी की वाद्य हलकं झालं आणि ॲम्प जड होत गेला. पॉल मॅकार्टनीने 1961मध्ये हॅम्बुर्गला व्हायोलिनच्या आकाराची होफनर घेतली. आतून पोकळ, वजन अडीच किलोच्या आतबाहेर. पण नंतर मैदानं मोठी झाली, गर्दी ओरडायला लागली, आणि 1969मध्ये अँपेग कंपनीचा एसव्हीटी आला. तीनशे वॉट, चौदा व्हॉल्व्ह. नुसता ॲम्पच चाळीस किलोच्या आसपास, वर दहा इंची आठ स्पीकरांचं कपाट वेगळं. रोलिंग स्टोन्सने तो त्या वर्षीच्या अमेरिका दौऱ्यात वापरला. त्यांच्याकडे उचलायला माणसं होती. माझ्याकडे मामा होता, आणि मामाची कंबर दुखते.

आता आपल्याकडे येऊ.

पुरानंतर काही महिन्यांनी वाडीतल्या एका आजोबांनी मला नवीन कॅबिनेट रिक्षातून उतरवताना पाहिलं. हो, मी परत तीच चूक केली होती, थोड्या छोट्या आकारात. आजोबांनी ऐन उमेदीत खालूबाजात ढोल वाजवलाय. म्हणाले, "काय रं पोरा, ह्ये वाजवतोस का वाहतोस?"

खालूबाजा म्हणजे आपल्या कोकणातला जुना बँडच. सनई, ढोल, टिमकी, झांज. लग्न असो, पालखी असो, महाडला वीरेश्वराचा छबिना असो, सासणकाठी नाचवायची तर खालूबाजा पाहिजे. आणि यातलं प्रत्येक वाद्य वाजवणाऱ्याच्या अंगावर असतं. गळ्यात, कमरेला, हातात. का? कारण वाजवणारा चालत असतो. आमच्याकडे वाड्या डोंगरात. रस्ता आत्ता आत्ता आला. जे वाद्य खिंड चढून नेता येत नाही ते वाद्य त्या वाडीच्या लग्नात वाजणारच नाही. आजोबांनी हिशोब एका वाक्यात सांगितला. ज्या वाडीत जेवायचं, तिथवर ढोल पोचला पाहिजे.

तसंच शाहिराचं तुणतुणं. आपण त्याला किती हसतो, "तेच तुणतुणं लावलंय" म्हणतो. पण जरा नीट बघा. एक पोकळ लाकडी नळकांडं, खालून कातडं, बाजूला काठी, एक तार, एक खुंटी. बस्स. ते चाल वाजवत नाही. गाणाऱ्याला सूर सुटू देत नाही आणि डफाबरोबर ठेका धरून ठेवतं. म्हणजे बेसवाल्याचं काम! आवाज खालचा नाही हे खरं, पण काम तेच. उमरठ पोलादपूर तालुक्यात, तानाजी मालुसऱ्यांचं गाव. तिथे तानाजीचा पोवाडा ऐकताना मी शाहिराकडे नाही, तुणतुणेवाल्याकडे बघत होतो. एका हाताने उचलता येईल असं, पण ते थांबलं तर सगळं हलेल असं वाद्य.

बेंजोचं उदाहरण याहून मजेशीर. मिरवणुकीतला आपला बेंजो अमेरिकन बँजो नाहीच. तो जपानी. 1912मध्ये नागोया शहरात गोरो मोरिता नावाच्या माणसाने टाइपरायटरसारखी बटणं लावून तायशोगोतो नावाचं तंतुवाद्य बनवलं. आपल्याकडे ते बुलबुल तरंग झालं, मग पिकअप लागला आणि बेंजो पार्टी झाली. मांडीवर मावतं, स्वस्त आहे, शिकायला सोपं आहे. हलकं वाद्य किती लांब जातं बघा, नागोयाहून निघून थेट लालबागला आलं आणि तिथून गणपतीत गावाला. जपानमध्ये तायशोगोतोचे बेस प्रकारही आहेत. ते काही आपल्याकडे आले नाहीत. खालचं काम इथे ढोलांनी घेतलं.

बँड कसा मिळायचा, हा दुसरा प्रश्न. तोही जुनाच.

गोव्याचा वादक मुंबईला यायचा तेव्हा त्याच्या गावाची 'कूड' असायची. धोबीतलावला जेर महाल नावाच्या इमारतीत अशा कितीतरी आहेत. एक मोठी खोली, भिंतीला लागून ट्रंका, कोपऱ्यात संताची मूर्ती. झोपायला जागा आणि जहाजावर, हॉटेलात किंवा स्टुडिओत कोणाला माणूस हवाय याची बातमी, दोन्ही तिथेच. आमच्या लोकांचंही अगदी तसंच. महाड-पोलादपूरचा माणूस गिरणीत लागला की लालबाग-परळला गावच्या खोलीवर उतरायचा. पाळीपाळीने झोपायचं, खानावळीत जेवायचं आणि रात्री जाखडीची तालीम. शक्ती-तुऱ्याचे सामने मुंबईत उभे राहिले ते याच खोल्यांमधून. परळचं दामोदर नाट्यगृह कोकणी नमन-जाखडीचं जणू माहेरघर होतं. ते बांधलं सोशल सर्व्हिस लीगने, आणि ही संस्था काढणारे कामगार नेते ना. म. जोशी आपल्या गोरेगावचे, रायगडातल्या, बरं का. 18 जानेवारी 1982ला गिरण्यांचा संप सुरू झाला, मग गिरण्याच गेल्या, खोल्याही हळूहळू गेल्या. खोलीची जागा आता व्हॉट्सॲप ग्रुपने घेतलीय. फरक इतकाच की ग्रुपवर कोणी तुमचं वाजवणं भिंतीपलीकडून ऐकत नाही.

मी इंजिनीअरिंगला असताना आमचा रॉक बँड होता. चार जण होतो, आता चारही जण चार शहरांत, दोघांची लग्नं झाली. गावाला परत आल्यावर मी दीड वर्ष "बेसिस्ट उपलब्ध" असे मेसेज टाकले. मुंबईहून दोन उत्तरं आली, दोघांनी विचारलं, स्वतःचा ॲम्प आणि गाडी आहे का. शेवटी बँड मिळाला तो गावच्या जाखडी मंडळात. तोही चुलतभावाच्या ओळखीने.

मिळाला म्हणजे लगेच नाही. मृदंग वाजवणारे बुवा स्पष्ट बोलले, "तुमचा तो घुमणारा आवाज माझा डावा हात खातो." मला राग आला. घरी येऊन रेकॉर्डिंग ऐकलं. बुवा शंभर टक्के बरोबर होते. मृदंगाच्या डाव्या बाजूचा 'धूम' आणि माझी जाड तार एकाच पट्टीत एकमेकांच्या उरावर बसत होत्या. मग मी खालचे आवाज इक्वलायझरवर कापले आणि मुख्य म्हणजे सूर कमी केले. एका आवर्तनात दोन, कधी एकच. तुणतुण्यासारखं. नाचणाऱ्यांच्या एका पायातले चाळ वाजतात, त्यांच्या मध्ये जागा सोडायची. पुढच्या तालमीला बुवा काहीच बोलले नाहीत. आमच्याकडे याला होकार म्हणतात.

आता गिअर. तुमच्यातले निम्मे जण यासाठीच थांबलेत, माहितीये मला.

आजचा ॲम्प हलका झाला तो दोन गोष्टींमुळे. एक, क्लास-डी. जुना ॲम्प नळ अर्धवट उघडा ठेवल्यासारखा, सतत गरम. क्लास-डी सेकंदाला लाखो वेळा नुसता चालू-बंद होतो आणि चालू किती वेळ, बंद किती वेळ यातून आवाज घडवतो. आम्हा कोडवाल्यांना हे लगेच पटतं. कल्पना जुनी आहे, 1964मध्ये ब्रिटनच्या सिंक्लेअरने एक्स-10 नावाचा किट विकून पाहिला आणि तो सपशेल पडला, कारण तेवढ्या वेगाने उघडझाप करणारे चांगले ट्रान्झिस्टर तेव्हा नव्हते. सोबत जुना लोखंडी ट्रान्सफॉर्मर गेला आणि मोबाईल चार्जरच्या जातीचा पॉवर सप्लाय आला. आता पाचशे वॉटचा ॲम्प दोनेक किलोत बसतो. दोन, निओडिमियम लोहचुंबक. 1980च्या दशकाच्या सुरुवातीला जपानची सुमितोमो आणि अमेरिकेची जनरल मोटर्स यांनी ते वेगवेगळे शोधले, आणि स्पीकरच्या पाठीवरचा जड दगड छोट्या चकतीत आला.

बेसमध्ये मी शॉर्ट स्केल घेतली. 34 इंचांऐवजी 30 इंच तार. एसटीच्या रॅकवर मावते, खांदा वाचतो. तार जराशी सैल लागते, सुरुवातीला बोटं चुकतात. डोकं नसलेल्या बेसचाही विचार केला होता, नेड स्टाइनबर्गरने 1970च्या दशकाच्या शेवटी काढलेली कल्पना, पण तिच्या तारा आमच्याकडे मिळायच्या नाहीत. महाडला तार तुटली तर दुरुस्ती पुण्याला किंवा मुंबईला, हे लक्षात ठेवूनच घ्या. स्पीकर एकच, बारा इंची, निओडिमियमचा. दुकानदार सांगेल ते वजन मानू नका. मी भाताच्या काट्यावर ठेवून बघितलं, बॅग, केबल, सगळं धरून एकवीस किलो भरलं. पोटमाळ्याची शिडी चढून बघितली, दोन फेऱ्यांत जमलं.

मंडपात साउंडवाला असला तर तो स्पीकरही नेत नाही, सरळ वायर देतो. ऐकणाऱ्यांत कोणी म्हणेल, मग ॲम्प घेतलाच कशाला? अहो, वाडीत साउंडवाला असेलच असं नाही, आणि लाईट असेलच असंही नाही. लाईट गेली त्या रात्री मी टाळ वाजवले, वाईट वाजवले, पण वाजवले.

आजोबांनाही परवा उचलायला दिला तो ॲम्प. एका हातात तोलला, उलटा करून बघितला, विचारलं, "आत काय हाय का नाय?"

गुरुवारी तालीम आहे, साडेपाचची एसटी पकडायचीय. पुढच्या एपिसोडला बुवांनाच माईकसमोर बसवतो, ते तयार झाले तर.