उच्च शिक्षण व संशोधनासाठी अर्थसाह्य : आधी हक्काचे, मग स्पर्धेचे, शेवटी कर्जाचे

भारतीय चित्रपटसृष्टीचे जनक दादासाहेब फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वर येथे झाला. चित्रपटनिर्मितीचे तंत्र आत्मसात करण्यासाठी १९१२ मध्ये त्यांनी लंडन गाठले, ते विम्याची पॉलिसी गहाण ठेवून. ३ मे १९१३ रोजी ‘राजा हरिश्चंद्र’ प्रदर्शित झाला आणि त्या धाडसाचे चीज झाले. मात्र, शिकण्याच्या इच्छेसाठी घरदार पणाला लावणे प्रत्येकालाच शक्य नसते. त्र्यंबकेश्वर तालुक्याची बहुसंख्य लोकसंख्या अनुसूचित जमातींची आहे. नागली, वरई आणि भात पिकविणाऱ्या येथील अनेक घरांत गहाण टाकावे असे काहीच नसते. अशा घरातील पदवीधराला पुढील शिक्षण घेता यावे, म्हणून शासनाच्या व अन्य संस्थांच्या योजना आहेत. त्यांचा लाभ घ्यायचा तर कोणते दार आधी ठोठवावे, हे ठाऊक असायला हवे.

हक्काचे साह्य

पात्रतेच्या अटी पूर्ण केल्यास मिळणाऱ्या योजनांचा विचार सर्वप्रथम करावा. पदव्युत्तर शिक्षणासाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा अर्ज राज्य शासनाच्या महाडीबीटी संकेतस्थळावर भरावा लागतो. शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या आदिवासी विद्यार्थ्यांना भोजन, निवास आणि शैक्षणिक साहित्यासाठी ‘पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयं योजने’तून रक्कम दिली जाते. आदिवासी विकास आयुक्तालय नाशिक शहरातच आहे. त्र्यंबकेश्वर तालुक्यातील विद्यार्थ्यांनी चौकशीसाठी नाशिक येथील एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाशी संपर्क साधावा.

संशोधकांसाठी अधिछात्रवृत्ती

शिष्यवृत्ती शिक्षणाचा खर्च भागविते, तर अधिछात्रवृत्ती म्हणजेच फेलोशिप संशोधकाला दरमहा निर्वाहवेतन देते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या ‘नेट’ परीक्षेतून कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्तीसाठी, म्हणजे ‘जेआरएफ’साठी निवड होते. १ जानेवारी २०२३ पासून पहिल्या दोन वर्षांसाठी दरमहा ३७ हजार रुपये आणि त्यानंतर वरिष्ठ संशोधकास ४२ हजार रुपये, असा तिचा दर झाला. घरभाडे भत्ता वेगळा असतो. विज्ञान विषयांसाठी सीएसआयआर व आयोगाची संयुक्त परीक्षा घेतली जाते.

अनुसूचित जमातींच्या विद्यार्थ्यांसाठी केंद्रीय आदिवासी कार्य मंत्रालयाची राष्ट्रीय अधिछात्रवृत्ती आहे. २००५-०६ मध्ये ती राजीव गांधी यांच्या नावाने सुरू झाली. देशभरातील ७५० नवे संशोधक दरवर्षी निवडले जातील, अशी तिची रचना आहे. या निवडीसाठी ‘नेट’ उत्तीर्ण असण्याची अट नाही; पदव्युत्तर परीक्षेतील गुणांना महत्त्व असते. त्यामुळे एम.ए. किंवा एम.एस्सी.चे शेवटचे वर्ष कसेबसे पार पाडणे पुढे महागात पडू शकते. अन्य प्रवर्गांतील विद्यार्थ्यांना पात्रतेनुसार ‘बार्टी’, ‘सारथी’ आणि ‘महाज्योती’ या राज्य शासनाच्या संस्थांकडे पीएच.डी.च्या अधिछात्रवृत्तीसाठी अर्ज करता येतो. एकाच वेळी दोन अधिछात्रवृत्त्यांचा लाभ घेता येत नाही, हे ध्यानात ठेवावे.

परदेशी शिक्षण

आदिवासी कार्य मंत्रालयाच्या राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्तीच्या जागा वर्षाला अवघ्या २० आहेत. त्यांपैकी ३ जागा विशेष असुरक्षित आदिम जमातींसाठी राखीव असून महाराष्ट्रातील कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड या जमाती त्यात मोडतात. सर्व प्रवर्गांतील विद्यार्थ्यांसाठी ब्रिटनची चेव्हनिंग आणि अमेरिकेची फुलब्राइट-नेहरू या शिष्यवृत्त्या खुल्या आहेत. १८९२ मध्ये स्थापन झालेला जे. एन. टाटा एन्डाउमेंट हा न्यास कर्जाऊ शिष्यवृत्ती देतो. तिची परतफेड करावी लागते.

विषय गावाजवळचा, निधी दूरचा

संशोधनाचा विषय परिसराशी जोडलेला असल्यास प्रस्तावाला वजन प्राप्त होते. त्र्यंबकेश्वरजवळचा अंजनेरीचा डोंगर दुर्मीळ वनस्पतींसाठी प्रसिद्ध आहे. ‘सेरोपेजिया अंजनेरिका’ या वनस्पतीला या डोंगरावरूनच नाव मिळाले. ब्रह्मगिरीवरील गोदावरीचा उगम, डोंगरउतारांवरील भरडधान्ये किंवा महादेव कोळी, ठाकूर, वारली आणि कोकणा समाजांचे वनस्पतिज्ञान हे विषय येथील विद्यार्थ्याला जन्मापासून परिचयाचे असतात. निसर्गसंवर्धनाच्या छोट्या प्रकल्पांना ब्रिटनचे रफर्ड फाउंडेशन अनुदान देते. मात्र, वनक्षेत्रात नमुने गोळा करण्यासाठी वन विभागाची पूर्वपरवानगी घेणे बंधनकारक आहे.

कर्ज अखेरीस

शैक्षणिक कर्जाचा मार्ग सर्वांत शेवटी निवडावा. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार चार लाख रुपयांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जासाठी बँकांनी तारण मागू नये. त्याहून मोठ्या रकमेसाठी पतहमी योजनेची माहिती बँकेकडून घ्यावी. व्याज अनुदानास आपण पात्र आहोत का, हेही सही करण्यापूर्वी विचारावे.

कागदपत्रांचा घाट

निवड होण्याजोगे अनेक अर्ज कागदपत्रांअभावी बाद होतात. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र आणि आधार क्रमांकाशी जोडलेले बँक खाते यांची तयारी जाहिरात निघण्यापूर्वीच करावी. राज्यात राखीव जागेवर व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश घेणाऱ्यांना जात वैधता प्रमाणपत्रही लागते. अनुसूचित जमातींच्या दाव्यांसाठी नाशिक येथे पडताळणी समिती आहे. या प्रक्रियेत वेळ जात असल्याने तो अर्ज पदवीचे शिक्षण सुरू असतानाच दाखल करणे श्रेयस्कर. निवडीनंतरही रक्कम खात्यावर जमा होण्यास विलंब होऊ शकतो. म्हणून पहिल्या काही महिन्यांच्या खर्चाची तजवीज आधी करावी.

अर्थसाह्याचे नियम, उत्पन्नमर्यादा आणि मुदती वेळोवेळी बदलतात. अर्ज भरण्यापूर्वी त्या वर्षीची मूळ जाहिरात वाचावी आणि भरलेल्या अर्जाची प्रत जपून ठेवावी. फाळके यांच्यापुढे पॉलिसी गहाण ठेवण्याचाच मार्ग उरला होता. त्यांच्याच गावच्या आजच्या विद्यार्थ्यापुढे त्याहून अधिक मार्ग आहेत. पण त्यांतील बहुतेकांची दारे वर्षातून एकदाच, मोजक्या दिवसांसाठी उघडतात.