ट्रान्सप्लास्टिक

ट्रान्सप्लास्टिक : वनस्पतिजन्य तंतू आणि प्लास्टिकच्या तयार वस्तू एकत्र विणून केलेल्या फर्निचरची व दिव्यांची मालिका. ब्राझीलच्या कंपाना बंधूंनी ती घडवली व २००७ मध्ये लंडनच्या अल्बियन गॅलरीत मांडली.

उंबेर्तो (जन्म १९५३) यांचे शिक्षण कायद्याचे, तर फेर्नांदो (१९६१–२०२२) यांचे वास्तुकलेचे. साव पावलो येथील त्यांच्या कार्यशाळेत लाकडाच्या ढलप्या, दोर, कापडाचे तुकडे अशा किरकोळ मालापासून फर्निचर घडे. धातूच्या सांगाड्यावर सुती दोरीची वेटोळी हाताने गुंफलेली ‘व्हेर्मेल्या’ ही खुर्ची या मालिकेची पूर्वतयारीच म्हणावी लागेल.

ब्राझीलमधील उपाहारगृहांसमोर पूर्वी वेताच्या धाटणीच्या विणलेल्या खुर्च्या असत. त्यांच्या जागी साच्यातून एकसंध निघणाऱ्या प्लास्टिकच्या खुर्च्या आल्या : स्वस्त, हलक्या, एकीवर एक रचता येणाऱ्या आणि पावसाची तमा नसलेल्या. कारागिराचे काम मात्र त्यांनी हिरावले. कंपाना बंधूंनी हीच खुर्ची हाती घेतली आणि तिच्यावर विणकाम चढवले. तंतूंची जाळी तिच्या पाठीला, हातांना वेढत पुढे पसरते. काही नमुन्यांत तर खुर्ची विणीत जवळजवळ बुडून जाते. दिव्यांमध्ये प्लास्टिकच्या बाटल्यांसारख्या वस्तू अशाच विणीत अडकवलेल्या आहेत.

विणीसाठी वापरलेला आपुई हा तंतू अशा वनस्पतीपासून मिळतो, की जी दुसऱ्या झाडावर वाढून त्याला आवळते. त्यामुळे तिची तोडणी आधारवृक्षाला घातक ठरत नाही, उलट त्याला मोकळे करते. साहित्याची ही निवड मालिकेतील सर्वांत विचारपूर्वक केलेली गोष्ट आहे.

अशा कामात सरसाचा फारसा उपयोग नसतो, कारण खुर्च्यांच्या पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकवर तो नीट धरत नाही. सगळी भिस्त गुंडाळणी, गाठी आणि ताण यांवर राहते. ओला तंतू सहज वाकतो आणि वाळताना आवळून बसतो. दोन्ही पदार्थांचे आयुष्यही वेगळ्या कारणांनी घटते : तंतूला दमट हवा व बुरशी बाधते, तर प्लास्टिक उन्हाने ठिसूळ होते. उसवलेली वीण पुन्हा भरता येते. तडकलेल्या प्लास्टिकची तशी डागडुजी होत नाही.

मोजकेच नमुने हाताने घडवून कलादालनात मांडल्यामुळे ही मालिका उपाहारगृहांपर्यंत परतली नाही, ही तिची खरी मर्यादा. तरीही यंत्राने केलेली वस्तू हस्तकौशल्याचा कच्चा माल होऊ शकते, हे तिने ठोसपणे दाखवले. कंपाना बंधूंना २००८ मध्ये ‘डिझाइन मायामी’चा वर्षातील सर्वोत्कृष्ट रचनाकाराचा सन्मान मिळाला.