फरार

परवा एका जुन्या मित्राचा फोन आला. वडिलांना अर्धांगाचा झटका आला म्हणून हा तडकाफडकी साताऱ्याला गेला. रजेच्या मेलला उत्तर नाही, आणि दोन आठवड्यांनी थेट कंपनीचं पत्र: 'अ‍ॅबस्कॉन्डिंग'. आता नव्या नोकरीच्या बॅकग्राउंड चेकमध्ये तोच शब्द आडवा आलाय. "अरे, मी काय दरोडा घातलाय का?" म्हणाला.

फोन ठेवला आणि सवयीप्रमाणे शब्दाच्या मागे लागलो.

मराठीत याला आपण 'फरार' म्हणतो. मूळ अरबी, फारसीमार्गे आपल्याकडे आलेला. अर्थ सरळ, पळून जाणं. मला वाटायचं इंग्रजी शब्दही तसाच असेल. तर नाही! लॅटिनमध्ये 'अब्स्कॉन्देरे' म्हणजे दडवून ठेवणे. त्यात पळणं कुठेच नाही. हॉटेलच्या भिंतीवर लावतात तो 'स्कॉन्स' दिवाही याच घराण्यातला, मुळात तो ज्योत झाकलेला कंदील. (हे वाचून मी उगाचच खूष झालो.)

गंमत म्हणजे आपला कायदाही लॅटिनच्याच बाजूचा आहे. समन्स चुकवायला दडी मारणं हा १८६० च्या दंड संहितेत कलम १७२ खाली गुन्हा होता. आणि १९७५ साली करतारे खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्टच सांगितलं की फरारी ठरायला घर सोडून पळायची गरज नाही. कायद्याला चुकवण्यासाठी स्वतःच्याच घरात लपलात तरी पुरे. म्हणजे बघा, प्रश्न तुम्ही कुठे आहात हा नाहीच, तुम्ही लपताय का हा आहे.

बरं, एखाद्याला फरारी जाहीर करणंही सोपं नाही. आधी वॉरंट, मग लेखी उद्घोषणा. ती गावात जाहीर वाचायची, घरावर चिकटवायची आणि हजर व्हायला किमान ३० दिवस द्यायचे. १ जुलै २०२४ पासून कलम ८२ चं ८४ झालं, पण हे ३० दिवस तसेच राहिले. खुनाच्या आरोपीलाही मिळतात. एचआरला मात्र एक ड्रॉपडाउन पुरतो :-)

मित्राला विचारलं, "पत्र मिळालं कुठे तुला?"

"साताऱ्याला, घरीच. स्पीड पोस्टाने आलं. मीच सही करून घेतलं."