हिमालयातल्या महालिलीची कुळकथा

कुमाऊंपासून नेपाळ, सिक्कीम, भूतानपर्यंतची दमट, सावलीची रानं हे या लिलीचं माहेर. हिवाळाभर कांदा बर्फाखाली दडलेला असतो. उन्हाळ्यात त्यातून दीड-दोन पुरुष उंचीचा दांडा उठतो आणि त्याच्या शेंड्याकडे पांढरी, सुवासिक, कर्ण्याच्या आकाराची फुलं लागतात. फुलात डोकावलं की तळापर्यंत उतरलेल्या जांभळट तांबड्या रेघा दिसतात. दांडा आतून पोकळ. त्याचे पावे करत.

कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानाचे प्रमुख, जन्माने डॅनिश असलेले नॅथॅनियल वॉलिच १८२०-२१ मध्ये नेपाळात होते. १८२४ मध्ये त्यांनी या वनस्पतीचं शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केलं आणि तिला ‘लिलियम’ या प्रजातीत बसवलं. फुलं पाहिली तर ते पटतंही. पण खऱ्या लिलीची पानं अरुंद, समांतर शिरांची. हिची मोठी, हृदयाकृती, जाळीदार शिरांची. १९१३ मध्ये जपानी वनस्पतिशास्त्रज्ञ तोमितारो माकिनो यांनी तिला ‘कार्डिओक्रिनम’ या प्रजातीत नेलं. मला हा निवाडा योग्य वाटतो, कारण वेगळेपण पानांपुरतं नाही, जगण्याच्या रीतीतच आहे.

युरोपात ती रुजली ती बियांतून. मेजर एडवर्ड मॅडन यांनी गोळा केलेल्या बियांपासून वाढवलेलं रोप जुलै १८५२ मध्ये एडिंबरात फुललं. पुढल्या मे महिन्यात टॉमस लॉब यांनी जमवलेली झाडंही फुलांसह प्रदर्शनात मांडली गेली. त्या माळ्यांच्या चिकाटीचं मला फार कौतुक वाटतं. बी पेरल्यावर अंकुरासाठीच कधी कधी दुसरा हिवाळा उलटावा लागतो, आणि फुलासाठी आणखी पाच-सात वर्षं.

फुलं खाली झुकलेली, पण बोंडं मात्र सरळ वर तोंड करून उभी राहतात. ती उकलतात तेव्हा फटींच्या कडांना बारीक दाते दिसतात. त्यांतून कागदासारखं पातळ, पंखाचं बी वाऱ्याबरोबर थोडं थोडं उडत राहतं. तोवर मूळचा कांदा संपलेला असतो. एकदाच फुलायचं आणि मरायचं, ही त्याची रीत. बुडाशी मात्र पिल्लू-कांदे उरतात. तेही फुलायला काही वर्षं घेतात, म्हणून जाणते माळी वेगवेगळ्या वयाचे कांदे जवळजवळ लावतात.